आमची वाटचाल : रंगाखालचं काम

भुसावळात रेल्वेशी काहीच संबंध नसलेलं घर शोधायचं तर दिवा घेऊन निघावं लागेल. आमचे अण्णा सी अँड डब्ल्यूमध्ये फिटर होते, म्हणजे प्रवासी डबे आणि वाघिणी (मालगाडीचे डबे) तपासणाऱ्या खात्यात. यार्डात मालगाडी येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते गाडीच्या कडेकडेनं चालत जायचे. सुट्टीत मी जेवणाचा डबा पोचवायला जायचो. एकदा त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि एका वाघिणीच्या खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथे मार." टण्ण. हातभर पुढे सरकून म्हणाले, "आता इथे." थप्प. दिसायला दोन्हीकडे तोच तपकिरी लाल रंग.

"तिकडे लोखंड आहे," अण्णा म्हणाले, "इथे नुसता रंग आहे."

आमच्या धंद्याची सुरुवात मात्र रेल्वेत झाली नाही. आयटीआय करून मी रंगकामाची ठेकेदारी धरली. पाण्याच्या टाक्या, गोदामांचे पत्रे, शाळांचे गज. दोन रंगारी, एक शिडी, वायर ब्रश आणि उधारीवरचा प्रायमर. २००८ च्या मंदीत बांधकामाची कामं बसली आणि नेमक्या त्याच सुमारास वाघिणी दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराला खालचा सांगाडा खरवडून रंगवणारा माणूस हवा होता. अण्णांच्या ओळखीनं काम मिळालं. मला वाटलं, टाकी काय आणि वाघीण काय, लोखंड ते लोखंड. पुढची काही वर्षं त्या एका वाक्याची फेड करण्यात गेली.

कोळसा वाहणारी उघडी वाघीण, बॉक्सएन, लांबून बघितली तर धिप्पाड दिसते. रिकामी साडेबावीस टनांच्या आसपास, अशा अठ्ठावन्न-एकोणसाठ जोडल्या की एक रेक. पण ही वाघीण अंगावर सगळीकडे सारखी गंजत नाही. बाजूचा पत्रा मधोमध वर्षानुवर्षं ठणठणीत असतो. तिला खातात त्या तीन-चार जागा: तळाचा पत्रा आणि बाजूची भिंत जिथे मिळते तो क्रिब अँगल, भिंतीला आधार देणाऱ्या उभ्या खांबाचं, म्हणजे स्टँचियनचं बूड, दाराचे खालचे कोपरे आणि सोलबारच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या लांब तुळईच्या, आतली बाजू, जिथे ब्रश जात नाही आणि इन्स्पेक्टरची मानही जात नाही. दोन पत्रे एकावर एक बसतात तिथल्या फटीत पाणी शिरतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून फटीतला गंज फुगत फुगत पत्राच वाकवतो. वेल्डिंग तुटलेली स्टँचियन मी पाहिली आहे. धक्क्यानं तुटली म्हणून रिपोर्टात लिहिलेलं होतं, आणि आत बोटभर जाडीचे पापुद्रे होते, शिळ्या खारीसारखे.

यात कोळशाचा हात मोठा. वणी-चंद्रपूरकडचा कोळसा दीपनगरच्या, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रांना येतो. त्यात गंधक असतं. कोळशातल्या पायराइटला पाणी आणि हवा मिळाली की गंधकाचं आम्ल तयार होतं आणि ते पाझरून तळाच्या कोपऱ्यात साचतं. बॉक्सएनच्या अंगाला कॉर्टेन वापरतात, म्हणजे तांबं, क्रोमियम, फॉस्फरसची चिमूट टाकलेलं पोलाद. त्याची गंमत अशी की ते गंजतं, पण गंजाचा पहिला थर घट्ट बसून पुढच्या गंजाला अडवतो. अट एकच: भिजलं तर वाळलं पाहिजे. कोपऱ्यात अडकलेला कोळशाचा ओला चुरा त्याला वाळू देत नाही. पाणी जायची भोकंही त्याच चुऱ्यानं बुजतात. वाघीण हातात आली की आमचा पोऱ्या आजही पहिल्यांदा सळई घेऊन भोकं मोकळी करतो. ह्या कामाचे पैसे बिलात कुठेच लागत नाहीत. माझ्या मते गंज रोखण्याचा याहून स्वस्त उपाय नाही, पण टेंडरात सळईला आयटम नंबर नसतो.

वायर ब्रश मारून रेड ऑक्साइड लावायचं आणि वर काळा बिटुमिन, हे आमचं सुरुवातीचं काम. वर्षभरात त्याची सालं निघायची. ब्रशनं सुटा गंज जातो, चिकटलेला गंज उलट चकाकतो आणि स्वच्छ झाल्याचा भास देतो. मग ब्लास्टिंगवर आलो. नोझलमधून हवेच्या जोरावर खडे मारून पोलाद अगदी राखाडी-पांढरं करायचं, एसए अडीच म्हणतात त्या दर्जाचं. हात फिरवला तर बारीक पॉलिशपेपरसारखं लागलं पाहिजे, ५० ते ७५ मायक्रॉनचा खरखरीतपणा. रंगाला पकड हवी असते.

इथे एक गोष्ट लिहिणं भाग आहे आणि ती लिहायला बरं वाटत नाही. पहिली दोन वर्षं आम्ही ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरली. स्वस्त होती आणि सगळे वापरायचे. तोंडाला गमछा. वाळूचा दाणा फुटला की सिलिकाची धूळ होते, ती डोळ्याला दिसतही नाही आणि फुप्फुसात गेली की परत निघत नाही. आमचा एक नोझलवाला खोकायला लागला. टीबीची औषधं झाली, फरक पडेना. पुढे छातीच्या फोटोवरून सिलिकोसिस निघाला. तो आमच्याकडे येण्याआधी खडी क्रशरवर होता, त्यामुळे त्यातला आमचा वाटा किती हे कुणी सांगू शकत नाही. मी त्यामागे लपतही नाही. तो गावी असतो, जिना चढू शकत नाही. त्या वर्षी वाळू बंद केली. आधी कॉपर स्लॅग, नंतर सुट्या भागांसाठी बंद खोलीत स्टीलची ग्रिट, आणि नोझलवाल्याला बाहेरून हवा पुरवणारं हूड. हूडमध्ये उन्हाळ्यात जीव उकडतो, म्हणून पोरं ते काढायला बघतात. हूड काढलं की त्या दिवसाचं काम बंद, ह्या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

आता चौदा वाघिणींबद्दल.

त्या कोळशाच्या नव्हत्या, बंद वाघिणी होत्या, खतं वाहणाऱ्या. पोती फाटतात, दाणे सांडतात, पत्र्याच्या फटीत बसतात. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. काम आमच्या मानानं मोठं होतं. चांगलं ब्लास्टिंग, झिंकचा इपॉक्सी प्रायमर, वर दोन हात. झिंक प्रायमरचं तत्त्व मला फार आवडतं: जस्त स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. पण त्यासाठी जस्ताचा पोलादाला थेट स्पर्श हवा. गंजावर लावलं तर ते नुसतं महाग करडं पाणी.

पहिली वाघीण ब्लास्ट करून संध्याकाळ झाली. प्रायमर चार तासांच्या आत मारायचा असतो, तो राहिला. सकाळी बघतो तर पांढऱ्या पत्र्यावर खालच्या भागात काळपट ठिपके, तीळ सांडल्यासारखे. मला वाटलं, दव. वरून पुन्हा एक हलका हात ब्लास्टिंगचा मारला, ठिपके गेले, प्रायमर मारला. बाकीच्या तेराही तशाच केल्या. मापात काही खोट नव्हती, जाडी बरोबर आली, बिल पास झालं. मी पेढे वाटले.

पावसाळा संपता संपता फोन आला. जाऊन पाहिलं तर तळापासून गुडघ्यापर्यंत रंगाला साबुदाण्याएवढे फोड. एक फोड नखानं फोडला, आत पाणी. बोटाला चिकट लागलं. आजूबाजूला रंग इतका घट्ट की चाकूनं निघेना आणि फोडाखाली पत्रा तांबूस. त्यांचा सुपरवायझर माझ्याकडे बघून म्हणाला, "काय भो, पाण्यात रंग कालवला का?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मला खरंच कळलेलं नव्हतं.

कळलं ते जळगावच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या सरांमुळे. त्यांनी फोडांचा फोटो बघितला आणि विचारलं, "धुतलं होतंत का?" वाघीण कोण धुतं? सर म्हणाले, खड्ड्यांच्या तळाशी क्षार बसलेले असतात, खडे मारून ते निघत नाहीत, उलट ठोकले जातात. ते तीळ म्हणजे दव नव्हे, क्षारानं हवेतून ओढलेली ओल. वरून रंगाचा पडदा बसला की तोच क्षार पडद्यातून पाणी आत खेचत राहतो. रंग जितका चांगला चिकटलेला, तितका फोड टणक. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, त्यातलाच प्रकार, असं सरांनी सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे त्या फोडांना लोणचं म्हणतात.

चौदाच्या चौदा वाघिणी पदरमोड करून पुन्हा केल्या. दुसरा कॉम्प्रेसर विकला. घरी अण्णा काही बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी सायकल काढून सायडिंगवर, म्हणजे आमचं काम चालायचं त्या बाजूच्या रुळांवर, यायचे आणि कडेला उभे राहायचे. ते जास्त लागलं.

सरांनी एक स्वस्तातली चाचणी शिकवली. फिल्टर पेपर पोटॅशियम फेरीसायनाइडच्या द्रावणात भिजवून सुकवायचा, होतो लिंबासारखा पिवळा. ब्लास्ट केलेल्या पत्र्यावर शुद्ध पाण्याचा बारीक फवारा मारायचा, पाणी थोडं उडू द्यायचं आणि कागद दाबून धरायचा. जिथे लोखंडाचे विरघळणारे क्षार शिल्लक आहेत तिथे कागदावर निळे ठिपके उमटतात. क्षार नेमका किती हे तो सांगत नाही, आहे की नाही एवढं सांगतो. मोजायचं असेल तर पॅच चिकटवून पाण्याची विद्युतवाहकता बघायची पद्धत आहे, मोठ्या कामाला आम्ही आता तीही करतो. पण रोजचा निकाल कागदावरच. क्रमही बदलला: आधी जोराच्या पाण्यानं धुणं, मग ब्लास्टिंग, मग कागद. निळा निघाला की परत धुणं, परत ब्लास्टिंग.

नंतरची वर्षं भरभर गेली. एमआयडीसीत शेड झाली. वाघीण तिथे येऊ शकत नाही, म्हणून दारं आणि सुटे भाग शेडमध्ये, सांगाडा सायडिंगवर ताडपत्रीच्या आडोशात. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा कागदपत्रांनी दम काढला. लॉकडाऊनमध्ये मालगाड्या चालूच होत्या, आमची माणसं मात्र गावी गेली होती. रेल्वेनं २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना स्वतःच्या वाघिणी घेण्याची योजना आणली. स्वतःच्या खिशातून वाघीण घेणारा मालक रंगाची चौकशी वेगळ्या पद्धतीनं करतो, एवढं मी नक्की सांगेन. बाकी ठिकाणी एल-वन. सगळ्यात कमी दर त्याला काम. धुण्याचे पैसे लावले की मी दुसरा किंवा तिसरा. कधी कधी पहिला आलेला ठेकेदारच चार महिन्यांनी मला फोन करतो, "दादा, ते लोणचं आलंय."

अलीकडे वाद होतो तो स्टेनलेसवरून. नव्या वाघिणींना आणि नूतनीकरण केलेल्या बॉक्सएनना कमी क्रोमियमचं स्टेनलेस वापरतात, खालचा सांगाडा मात्र पुष्कळदा साधा. ग्राहकाचं म्हणणं, स्टेनलेस गंजत नाही, तिथला रंग वाचवा, फक्त साध्या पोलादाला मारा. ऐकायला बरोबर आहे आणि नेमकं उलटं आहे. दोन धातू जोडलेले असले आणि मध्ये ओल असली की साधं पोलाद झिजतं, स्टेनलेस शाबूत राहतं. आता साध्या पोलादावर रंग आहे आणि त्याला टाचणीएवढं छिद्र पडलं, तर समोर उघड्या स्टेनलेसचा अख्खा पत्रा आणि इकडे एक टाचणीचं टोक. सगळी झीज त्या टोकावर. म्हणून आम्ही जोडापासून वितीभर पुढेपर्यंत स्टेनलेसलाही रंग देतो. हे पटवताना मी पाटी आणि खडू घेऊन बसतो. दहातले सहा पटतात.

भुसावळचा उन्हाळा हा आमचा कायमचा भागीदार. मे महिन्यात दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही. स्प्रेचा थेंब पत्र्यावर पोचायच्या आत सुकतो आणि रंग पिठासारखा बसतो. म्हणून तेव्हा पहाटे साडेपाचला सुरुवात, दहाला बंद. जानेवारीत उलटं: पत्रा हवेपेक्षा गार, त्यावर न दिसणारं दव. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या तीन अंश वर जाईपर्यंत पोरं चहा पीत बसतात. आषाढ-श्रावणात दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली येईना की काम थांबतं आणि पगार चालू राहतो. कडांना आधी ब्रशनं एक हात द्यायचा, कारण ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो. स्प्रेवाल्याला तो हात म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. त्याच्याशी माझं दर हंगामात एकदा भांडण होतं, ते यंदाचं होऊन गेलं.

अण्णा आता सायडिंगवर येत नाहीत, गुडघे दुखतात. हातोडी शेडच्या दाराला टांगली आहे आणि नवा पोरगा आला की त्याच्याकडून मी टण्ण आणि थप्प करून घेतो.

कालची वाघीण खताचीच होती. दोनदा धुतली, ब्लास्ट केली, दुपारी कागद लावले. आठ कागद पिवळे निघाले. नववा, डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातला, त्यावर मोहरीएवढे तीन निळे ठिपके. फोरमननं कागद माझ्यासमोर धरला आणि काही न बोलता पाण्याचा पंप चालू करायला गेला.