टोमॅटो नळापाशी, मेथी उन्हात

काकांनी फोनवरच निदान करून टाकलं होतं. "ताई, माती बाद आहे. तुम्ही फक्त येऊन सांगा, किती बदलायची." पुण्यात परसबागा लावून द्यायच्या कामात एक गोष्ट अंगवळणी पडली आहे: गिऱ्हाईक निवृत्त असेल आणि त्याच्या हातात फाइल असेल, तर आधी फाइल बघून घ्यावी. नाहीतर दिवसभर कुणाचंच लक्ष झाडांकडे जात नाही.

डिसेंबरचा तिसरा आठवडा. सहकारनगरातला जुना बंगला, घराच्या दक्षिणेला कुंपणाला लागून वाफा: 18 फूट लांब, 4 फूट रुंद, पूर्व-पश्चिम पसरलेला. फाइलमध्ये माती तपासणीचा अहवाल होता. सामू (पीएच) आठच्या जरासा वर, म्हणजे माती थोडी अल्कधर्मी, आपल्याकडच्या काळ्या मातीचा असतो तसाच. सेंद्रिय कर्ब चांगला. मातीत हात घातला तर भुसभुशीत, गांडुळंही दिसली. असली माती लोक पैसे मोजून आणतात.

टोमॅटो मात्र बघवत नव्हते. काठीला बांधलेली माणसाच्या छातीइतकी उंच रोपं, दोन पानांमधलं अंतर वीतभर, खोड पेन्सिलीसारखं, पाला गर्द हिरवा, आणि फुलं जमिनीवर गळून पडलेली. फळ म्हणाल तर गोटीएवढी दोन. माळीबुवांनी शेणखत दिलं, मग निंबोळी पेंड दिली, मग पुन्हा शेणखत. उजेड कमी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर, असं झालं की टोमॅटो पाला धरतो, फळ नाही. वर रोज पाणी. मी बोट खुपसून पाहिलं, दोन पेरं खाली चिकट ओल. सावलीतल्या वाफ्याला रोज पाणी लागत नाही, हे सांगितलं की प्रत्येक घरातलं एक माणूस नाराज होतं. इथे ते माळीबुवा होते.

"इथे ऊन किती तास येतं?" मी विचारलं.

"दिवसभर," काका म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय. वाफा करायच्या आधी मे महिन्यात फोटो काढून ठेवलेत." आणि फोनमध्ये खरंच फोटो होते. मेच्या मध्यातली दुपार, शून्य सावलीचा दिवस. अंगणात उभी ठेवलेली बाटली, तिला सावलीच नाही. मागे शेजाऱ्यांच्या गॅरेजची 10 फुटी भिंत, तिलाही नाही. वाफ्याची जागा उन्हाने भाजून निघालेली.

वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण काका बरोबर होते. मी काकूंकडे रांगोळीचा डबा मागितला.

माझ्या कामातला हा सगळ्यात रिकामटेकडा दिसणारा भाग. दर तासाला सावलीच्या कडेवर रांगोळीची रेघ ओढायची आणि मधल्या वेळात बसून राहायचं. काकूंनी पोहे दिले, नंतर चहा, मग पुन्हा चहा. माळीबुवा दोनदा येऊन बघून गेले आणि काही न बोलता परत गेले.

पुण्यात सूर्य सर्वात उंच येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. तेव्हा टेप लावला. भिंतीची सावली तिच्या बुंध्यापासून 9 फुटांवर संपत होती. वाफा 4 फुटांचा. म्हणजे वाफा पूर्ण झाकून, पलीकडची पायवाट अर्धी खाऊन, सावली थांबली होती. घराच्या भिंतीवर मात्र लख्ख ऊन.

मग काकांच्याच वहीत आकृती काढली. पुणे साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेची भिंत असून नसल्यासारखी. त्यानंतर तो दक्षिणेकडे सरकत जातो आणि डिसेंबरात दुपारीसुद्धा जेमतेम 48 अंश वर चढतो. उगवतो आग्नेयेला, मावळतो नैर्ऋत्येला, म्हणजे सबंध दिवस भिंतीच्या पलीकडेच. पुण्यात टोमॅटो, फ्लॉवर, मटार यांचा खरा हंगाम हिवाळा, आणि या वाफ्याची रात्रही नेमकी तेव्हाच.

काका बराच वेळ आकृतीकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझा फोटो खोटा नाही."

"नाही हो. महिना वेगळा आहे."

मला खरी गंमत पूर्वेच्या टोकाला वाटली. गॅरेजची भिंत वाफ्याच्या साधारण 12 फुटांनंतर संपते, पुढे नुसती तारेची जाळी. त्या टोकाला साडेआठपासून ऊन आलं आणि एक वाजून गेला तरी त्यातलं थोडं टिकून होतं. चार तास तरी सलग. आणि तिथे काय होतं? मेथी. कोवळी असतानाच फुलावर आलेली, कडवट मेथी. टोमॅटो पश्चिमेच्या गच्च सावलीत, कारण नळ तिथे आहे आणि टोमॅटोला पाणी जास्त लागतं असं ठरलं होतं. घराघरांतून झाडांच्या जागा सूर्य ठरवत नाही, नळ ठरवतो. माझं हे मत आता बदलेल असं वाटत नाही.

मांडणी उलटी करायची ठरली. पूर्वेच्या सहा फुटांत मिरची आणि छोट्या फळांचे टोमॅटो. चार-पाच तासांत मोठी फळं पोसत नाहीत, लहान पोसतात. मधल्या भागात पालक, चुका, कोथिंबीर. पसरट उजेडात ती हळू वाढतात, पण पानं लुसलुशीत राहतात. नळापाशी अळू आणि पुदिना, त्यांना ओलही हवी आणि सावलीही चालते. घराची चॉकलेटी भिंत पांढरी करून घ्या म्हटलं, म्हणजे तिच्यावर पडणारं ऊन थोडंफार वाफ्याकडे परत येईल. रंगाच्या खर्चावरून घरात कुजबुज झाली, त्यात मी पडले नाही.

आणि मार्चनंतर चित्र फिरतं. 21 मार्चच्या दुपारी त्याच भिंतीची सावली सव्वातीन फुटांच्या आसपास येते, आणि पुढे सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवायला लागला की सकाळ-संध्याकाळीही ऊन भिंतीच्या या अंगाला पडतं. तेव्हा याच वाफ्यात भेंडी, गवार. काकूंनी लगेच विचारलं, "आणि अळू तेव्हा?" उन्हाळ्यात त्याला भरपूर पाणी द्या आणि वर हिरवी जाळी बांधा, म्हटलं, श्रावणात फदफद्याला कमी पडणार नाही.

निघताना काकांनी तपासणीचा अहवाल पुन्हा पुढे केला. "मग ह्याचे पैसे वायाच गेले म्हणायचे."

"नाही," मी म्हटलं. "कोपऱ्यात ती राखेची बादली भरून ठेवलीय ना, ती कुणाच्या सांगण्यावरून?"

काकांनी माळीबुवांकडे पाहिलं, माळीबुवांनी काकूंकडे.

"आठच्या वर सामू असलेल्या मातीत राख टाकायची नाही, राखेने तो आणखी चढतो, एवढं त्यात स्पष्ट आहे. बादली भांडी घासायला घ्या."

ती सूचना कुणी उचलली नाही. जानेवारीत काकांचा फोन आला तो मिरचीच्या रोपांसाठी. उरुळी कांचनच्या नर्सरीतून आणू की घरीच बी टाकू, एवढंच विचारायला.