परातीएवढा सूर्य

लेकीला शाळेत सूर्यमालेचं मॉडेल न्यायचं होतं, आणि नेहमीप्रमाणे ते मला रविवारी सकाळी कळलं. एरवी स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलच्या नऊ गोळ्यांचं पाकीट मिळतं. त्यातला गुरू पृथ्वीच्या जेमतेम दुप्पट, सूर्य गुरूपेक्षा किंचित थोराड. गोळे रंगवायचे, तारेत ओवायचे, झालं. पुस्तकातल्या चित्रातही ग्रह असेच खेटून असतात. लग्नात ग्रुप फोटोसाठी "जरा आत सरका" म्हटल्यावर पाहुणे उभे राहतात तसे.

दुकान बंद होतं. म्हणून मी स्वयंपाकघरात शिरले.

पृथ्वी म्हणून ज्वारीचा एक दाणा घेतला. पट्टीवर मोजला, चार मिलिमीटर. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर. तेवढे या दाण्यात बसवायचे, की बाकीच्यांची मापं आपोआप ठरतात. शुक्र म्हणजे ज्वारीचाच दुसरा दाणा, चिमूटभर कमी. मंगळ मोहरी. बुध नाचणी. गुरूला लिंबू हवं, शनीला टपोरा आवळा. युरेनस आणि नेपच्यूनला लेकीच्या दप्तरातल्या दोन गोट्या अगदी मापात बसल्या. सूर्य मात्र 44 सेंटिमीटरचा निघाला. घरात त्या मापाची एकच वस्तू होती, कणकेची परात.

शनीच्या कड्यांसाठी मी हातातली बांगडी काढून आवळ्याभोवती ठेवली, तर तीही मापात! ठळक कडी सुरू होतात साधारण तिथेच. फक्त बांगडी भलतीच जाड. खरी कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद पसरलेली असली, तरी बहुतेक ठिकाणी त्यांची जाडी दहा-वीस मीटरच. एवढी पातळ बांगडी कुठल्याही कासाराला जमायची नाही.

इथपर्यंत सगळं ओट्यावर मावलं. पंचाईत अंतरांनी केली. परातीपासून ज्वारी ठेवायची 47 मीटरवर.

"म्हणजे घराबाहेर?" लेक म्हणाली. घराबाहेर, आणि वर चार घरं सोडून. परात अंगणातल्या तुळशीला टेकवून रस्त्याकडे तोंड करून उभी केली आणि आम्ही डबा घेऊन निघालो. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. "भाकरीला पीठ नाही आणि ही ज्वारी रस्त्यावर मांडत्येय," एवढंच म्हणाल्या.

चंद्रासाठी राजगिऱ्याचा दाणा होता. तो ज्वारीपासून बारा सेंटिमीटरवर ठेवायचा, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. मी उकिडवी बसून तो ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. माणूस आजवर जास्तीत जास्त लांब गेला तो एवढाच, या दाण्यापासून त्या दाण्यापर्यंत. आपलं चांद्रयान-3 14 जुलै 2023 ला निघून 23 ऑगस्टला उतरलं. या बारा सेंटिमीटरला त्याला चाळीस दिवस लागले. (रस्ता सरळ नव्हता, गिरक्या घेत गेलं, हे खरं.) आणि अंतराळवीर ज्या स्थानकात महिनोन् महिने राहतात ते चारशे किलोमीटर उंचीवर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याला जवळजवळ चिकटलेलंच. त्याला अंतराळ म्हणायचं तर अंगणाला परदेश म्हणावं लागेल.

तरी हे बारा सेंटिमीटर वाटतात तेवढे थोडे नाहीत. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये बाकीचे सातही ग्रह ओळीनं मावतात, असं म्हणतात. मी बेरीज केली. सातांचे व्यास मिळून होतात तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर. मधली मोकळी जागा सरासरी तीन लाख शहात्तर हजार. म्हणजे मावतात ते लोकलमधल्या चौथ्या सीटवर मावावं तसे, एक जण अर्धा बाहेर. चंद्र आपल्या फेरीत दूर, चार लाखांच्या पुढे गेला की मग सगळे ऐसपैस.

सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा आणि जवळजवळ चारशे पट लांबही, म्हणून खग्रास ग्रहणात चंद्र त्याला नेमका झाकतो. लेकीनं लगेच राजगिरा डोळ्यासमोर धरून परात झाकायचा प्रयत्न केला. जमेना. डोळ्याची बाहुलीच राजगिऱ्यापेक्षा मोठी. दाण्याच्या कडेनं परात दिसतच राहिली.

मंगळाची मोहरी एकाहत्तर मीटरवर, विजेच्या खांबापाशी. त्यापुढे बराच वेळ काही नाही. लिंबू ठेवायला थेट पिठाच्या गिरणीपर्यंत जावं लागलं, दोनशे चव्वेचाळीस मीटर. गिरणीच्या कट्ट्यावर लिंबू ठेवताना आयो आठवला. हा गुरूचा चंद्र आपल्या चंद्राहून थोडासाच मोठा, आणि गुरूपासून सव्वाचार लाख किलोमीटर, म्हणजे आपला चंद्र आपल्यापासून आहे त्याहून थोडाच लांब. पण आपल्या चंद्राला एका फेरीला सत्तावीस दिवस लागतात, आयो बेचाळीस तासांत फेरी उरकतो. लिंबाच्या ओढीपुढे रमतगमत फिरून भागत नाही. गॅनिमीड तर बुधापेक्षाही मोठा, तोही नाचणीचाच दाणा. पण फिरतो गुरूभोवती, म्हणून चंद्र. बुध एकटा सूर्याभोवती फिरतो, म्हणून ग्रह. मोठ्या घरातल्या कर्तबगार धाकट्या जावेची मला आठवण झाली. कोणाच्या, ते लिहीत नाही.

शनीला साडेचारशे मीटर लागत होते, आणि तिथे नेमकं मारुतीचं देऊळ. हे मी जुळवलेलं नाही. पारावर आवळा आणि बांगडी ठेवताना सासूबाईंची साडेसाती आठवली. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, एकेका राशीत अडीच, तीन राशींचे साडेसात. हिशेब चोख आहे. फक्त साडेचारशे मीटरवरचा आवळा ज्वारीच्या दाण्यावरच्या माणसांमागे का लागेल, ते मला त्या पारावर उभं राहून समजेना. देवळातून बाहेर पडणाऱ्या काकांनी आवळ्याला हात जोडले. सांगायचा धीर झाला नाही.

पहिली गोटी पेट्रोलपंपापाशी, नऊशे मीटर. मग पायपीट. लेकीचे प्रश्न थांबले, हे थकव्याचं लक्षण. प्रकाशही इथून असाच चालतो का, असं तिनं मध्येच विचारलं. गणित केलं तर आमच्या रस्त्यावर प्रकाशाचा वेग निघाला सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, घाईत असलेल्या डोंगळ्याएवढा. परातीपासून ज्वारीपर्यंत सव्वाआठ मिनिटं, नेपच्यूनपर्यंत चार तास. "आपण त्याच्यापेक्षा फास्ट आलो," ती म्हणाली. त्या रविवारी आलो खऱ्या.

दुसरी गोटी एसटी स्टँडच्या फाटकाशी, चौदाशे मीटर. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 यान या मापानं आणखी पुढे, आठेक किलोमीटरवर पोचलंय. आणि सगळ्यात जवळचा दुसरा तारा? प्रॉक्सिमा हा लहानसा तारा, पेरूएवढा. तो ठेवायला साडेबारा हजार किलोमीटर जावं लागेल. माझे दीर न्यू जर्सीत असतात, त्यांच्या परसात ठेवला तर मापाला साधारण बरोबर. मधल्या सगळ्या देशांत आणि समुद्रांत ठेवण्यासारखं फारसं काहीच नाही.

अर्थात ग्रह असे एका रस्त्यावर रांगेत उभे राहत नाहीत. ज्याच्या त्याच्या वर्तुळात कोण कुठे, कोण कुठे. लेकीनं वहीत चित्र काढायला घेतलं आणि अडली. ज्वारी दिसेल एवढी काढली तर अंतर पानात मावेना, अंतर मावलं तर ज्वारी ठिपकाही होईना. दुसऱ्या दिवशी तिनं शेवटी थर्माकोलचे गोळेच नेले.

स्टँडवरून आम्ही मागे वळून पाहिलं. रस्ता सरळ असूनही परात काही परातीसारखी दिसेना. ऊन उतरत आलं होतं, आणि आमच्या घराच्या बाजूला फक्त एक ठिपका लखलखत होता. "तोच का?" लेकीनं विचारलं. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, तुमचा सूर्य आत घेऊ का?" सासूबाई विचारत होत्या. "कणीक भिजवायचीय."