कड्यातला एक अणू बदलताना

मॅडमनी एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय सांगितला तेव्हा काम दोन दिवसांचं वाटलं होतं. पिरिलियमच्या सहा अणूंच्या कड्यात एक ऑक्सिजन असतो. तो काढून तिथे नायट्रोजन बसवला की पिरिडीन. बाकीचे पाच कार्बन जिथल्या तिथे.

चाल्कोन आणि असिटोफेनोन या दोन रसायनांपासून ट्रायफेनिल पिरिलियमचं मीठ (क्षार) केलं. गर्द पिवळे स्फटिक, यूव्ही दिव्याखाली असे चमकायचे की बघत बसावं. मग त्यात अमोनिया घातला. पिवळा रंग उतरला, मला वाटलं झालं! पण वितळणांक जुळेना आणि आयआरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड आलेखात, १६८०च्या आसपास कार्बोनिलची (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची) ठसठशीत रेघ. पिरिडीनमध्ये कार्बोनिल कुठून येणार?

दोन दिवस डोकं चालेना. दांडिया बाजारातल्या घरी रात्री कागदावर बाण काढत बसलो तेव्हा उलगडलं. अणू जागच्या जागी बदलतच नाही. अमोनिया ऑक्सिजनच्या शेजारच्या कार्बनवर येऊन चिकटतो, कडं उघडतं, साखळी होते, मग नायट्रोजन दुसऱ्या टोकाला जाऊन भिडतो आणि पाणी बाहेर पडून कडं पुन्हा मिटतं. माझ्याकडे कडं उघडलं होतं, पण अमोनियाऐवजी पाण्यातल्या हायड्रॉक्साइडने. त्यामुळे दोन्ही टोकांना ऑक्सिजनच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी अमोनियाची बाटली उघडली. बडोद्याचा मे महिना, बूच सैल. नाकाला झोंबायला हवं तेवढं झोंबलंच नाही. वायू केव्हाच उडून गेला होता, उरलं होतं जेमतेम अल्कधर्मी पाणी.

मॅडम म्हणाल्या, ‘‘ते फेकू नकोस. उघडलेली साखळी म्हणजे अर्धी वाट झाली.’’ तोच पदार्थ अमोनियम असिटेटबरोबर असेटिक ॲसिडमध्ये उकळत ठेवला. टीएलसीवर, म्हणजे पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पातळ पट्टीवर, जुना ठिपका हळूहळू फिका पडला, नवा उमटला. इथेनॉलमधून पांढऱ्या सुया आल्या, १३७–१३८ अंशांना वितळल्या. रेणूचं वस्तुमान दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये पिरिलियमचा ३०९ गेला होता, ३०८ आला होता. त्या एकाच्या फरकासाठी तीन आठवडे गेले, आणि तो आकडा बघून मला खरंच भरून आलं.

पिरिलियमवर धन प्रभार असतो म्हणून कडं सहज उघडतं. कार्बन काढून नायट्रोजन आणणं कितीतरी अवघड. शिकागो विद्यापीठातल्या मार्क लेविन यांच्या गटाने २०२३ मध्ये क्विनोलिनच्या एन-ऑक्साइडपासून क्विनाझोलिन केलं, म्हणजे कड्यातल्या एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवला. तो पेपर मी आता वाचतो तेव्हा कडं कुठे उघडलं आणि कुठे मिटलं, हेच आधी शोधतो.

पुढच्या आठवड्यात अमोनियाऐवजी बेन्झिल अमाइन घालायचं आहे. नायट्रोजन आपला बेन्झिल गट घेऊनच कड्यात बसेल, आणि पिरिडीनऐवजी पिरिडिनियमचं मीठ मिळेल. बाटली या वेळी नवी मागवली आहे.