पॉलिसीवर छापलेली वेळ

मी मोटार अपघाताचे दावे चालवणारी वकील. फाइलमध्ये पॉलिसीची प्रत आली की मी विमा कंपनीचं नावसुद्धा नंतर वाचते. आधी बघते ती वेळ. विमा कधीपासून लागू, या रकान्यात तारखेशेजारी तास-मिनिटं छापलेली असतात. या फाइलमध्ये तिथे सकाळचे १०.१७ होते, आणि फिर्यादीत अपघाताची वेळ आदल्या रात्रीची पावणेनऊ. दावा तिथेच संपल्यात जमा होता. तरी मी तो शेवटपर्यंत चालवला, जिंकलाही, आणि निवाड्याची प्रत घेऊन आता वसुलीच्या मागे फिरते आहे.

आमचा भाग कृष्णाकाठचा. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्ता ऊसवाल्यांचा असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशीच एक ट्रॉली टायर फुटून डांबरीवरच उभी होती. चाकांना दगड लावून ड्रायव्हर पंक्चरवाल्याला आणायला गेला होता. मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून घरी निघालेला ३३ वर्षांचा माणूस मोटारसायकलवरून मागून तिच्यावर आदळला, आणि वारला. मागे राहिले बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई.

ट्रॅक्टरचा विमा संपून काही महिने झाले होते. मालकाने दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम काय केलं, तर एजंट गाठून नवी पॉलिसी काढली. हे नवीन नाही, आमच्या बारमध्ये प्रत्येकाकडे अशी एकतरी फाइल असते. पण पुढचं ऐका. पोलीस तपासात तीच पॉलिसी दिली गेली. हवालदारांनी कॉम्प एए फॉर्ममध्ये, म्हणजे पोलिसांनी अपघाताची माहिती द्यायच्या फॉर्ममध्ये, विमा कंपनी आणि पॉलिसी नंबरचा रकाना तिच्यावरून सुवाच्य अक्षरात भरला. ट्रॅक्टर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळावा या अर्जाला तीच जोडली, आणि आठवड्याच्या आत ट्रॅक्टर पुन्हा उसात. तारीख सगळ्यांनी पाहिली असेल. वेळ कुणी वाचली नाही.

या एका गोष्टीचा संताप माझा अजून जात नाही. बिनविम्याची वाहनं सोडू नका, लिलाव करून पैसे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जमा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांतही तेच आहे: पुरेसं तारण घेतल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर तीन महिन्यांनी लिलाव. म्हणजे या कुटुंबाच्या हाती लागण्यासारखी एकच वस्तू होती, ती पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती, आणि ती आपण माळ घालून परत पाठवली. ते लोक माझ्याकडे आले तोवर हंगाम संपला होता.

मी विमा कंपनीला जाबदार केलंच. कंपनीचे वकील सज्जन गृहस्थ. त्यांनी लेखी म्हणणं देण्याआधी कॉरिडॉरमध्ये मला बाजूला घेतलं आणि प्रत दाखवून म्हणाले, ‘मॅडम, १०.१७.’ विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी लहान वकिलालाही पाठ असतं, हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम नाही. आणि पॉलिसीवर वेळ छापलेली असेल तर जोखीम त्या वेळेपासून, आदल्या मध्यरात्रीपासून नाही. ‘आधी कंपनीने भरावं, मग मालकाकडून वसूल करावं’ ही विनंतीही मी केली, पण ती चालते लायसन खोटं असलं, अटींचा भंग झाला असला तर. मुळात पॉलिसीच नसेल तर कंपनीने कशाच्या जोरावर भरायचं? कंपनी सुटली. चूक झाली असं मी म्हणू शकत नाही.

निवाडा मात्र देखणा आला. दरमहा १२ हजार उत्पन्न धरलं, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले, चार अवलंबित म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा, वयाप्रमाणे १६ चा गुणक, वर बायको, मुलं, आई यांना सहवास गमावल्याची भरपाई, अंत्यविधी वगैरे. २६ लाख ४९ हजार १०० रुपये, अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याजासह. हे सगळं एकट्या मालकाने द्यायचं. बार रूममध्ये दोघांनी माझं अभिनंदनही केलं. (आमच्या धंद्यात आकड्याचं अभिनंदन होतं, वसुलीचं कुणी विचारत नाही.)

यातला विचित्रपणा बघा. ट्रॅक्टर पळून गेला असता आणि कधीच सापडला नसता, तर हिट अँड रन योजनेतून सरकारने २ लाख दिले असते. सापडला, नंबरासकट सापडला, म्हणून ते २ लाखही नाहीत.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, तिथे गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीतच अनइन्शुअर्ड मोटरिस्टचं कव्हर असतं. धडक देणाऱ्याकडे विमा नसेल तर दुखापतीची भरपाई तुमची स्वतःची कंपनी त्याच्या जागी उभी राहून देते. तेही कमी रकमेचं घेतलेलं असलं की लोक पस्तावतात म्हणे. आपल्याकडे सरकारी आकड्यांप्रमाणेच निम्म्याहून जास्त वाहनं बिनविम्याची फिरतात, आणि हा प्रकारच नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कव्हर, १५ लाखांचं. चूक कुणाचीही असो, समोरच्याकडे काही असो-नसो, गाडी स्वतःच्या नावावर आणि लायसन चालू असेल तर मृत्यूनंतर वारसांना मिळतं. ते १५ लाखांचं केलं तेव्हा, २०१८ मध्ये, वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरवला होता; पुढे तो उतरला.

म्हणून मयताच्या मोटारसायकलची पॉलिसी मी पहिल्याच भेटीत मागितली होती. बायकोने प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिली. नीट घडी घातलेली. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता ७१४, जीएसटी धरून ८४३. खाली वैयक्तिक अपघाताच्या ओळीत शून्य, आणि बारीक अक्षरात कारण: विमाधारकाने अन्य पॉलिसी असल्याचं घोषित केलं आहे. अशी कोणतीही पॉलिसी घरात नव्हती. मी एजंटला फोन केला. तो अजिबात दचकला नाही. ‘मॅडम, गिऱ्हाईक म्हणतं कमीत कमीत बसवा. तिथं टिक केल्याशिवाय सिस्टीम पुढंच जात नाही.’ पोलिसांनी अडवल्यावर दाखवायचा कागद, एवढंच लोकांना विम्याचं माहीत आहे आणि एजंट त्यांना तेवढंच विकतात. तीनशे-चारशे रुपये वाचवल्याबद्दल त्या माणसाने बहुतेक त्याला चहाही पाजला असेल.

आता जप्तीचा दिवस. मी सहसा जात नाही, बेलीफ आणि अर्जदार जातात. पण त्या दिवशी अर्जदार बाई, म्हणजे मयताची पत्नी, म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही या, मला बघायचंय ते घर.’ बेलीफ, दोन पंच, बाई, त्यांचा दीर आणि मी असे वस्तीवर गेलो.

मोठी आसामी असेल असं धरून मी गेले होते. पत्र्याचं छप्पर, समोर दोन म्हशी. ट्रॅक्टर नव्हताच, हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून नेला होता. एक ट्रॉली विकलेली, एक लिंबाखाली उभी. सातबारा अजून वडिलांच्या नावावर, त्यावर सोसायटीचा बोजा. शेतकऱ्याचं राहतं घर जप्त होत नाही. मालक पस्तिशीचा, बनियनवर, बाईंकडे बघेना. त्याच्या आईने न विचारता चहा टाकला.

‘ऊसतोडीच्या टोळीची उचल दिली साडेचार लाख, मुकादम आलाच न्हाई,’ तो मला सांगू लागला. ‘इमा संपल्यालं म्हाईत हुतं. पयलं बिल निघालं की भरणार हुतो.’

बेलीफ ट्रॉलीचं वर्णन लिहीत होते. जुनी, वापरती, चार चाकी, मागचा फाळका गंजलेला. बाई ट्रॉलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या फाळक्यावर लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, नव्या, एका टोकाला कागदही पूर्ण निघाला नव्हता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

‘केवढ्याला मिळत्यात ह्या?’

‘दोनशे-अडीचशेला, वैनी,’ तो म्हणाला.

बाकी कुणी काही बोललं नाही. पंचांपैकी एकाने मला हळूच विचारलं, सही कुठे करायची. चहा आला तो बाईंनी घेतला, मी मात्र घेतला नाही. उलट झालं असतं तर बरं दिसलं असतं. त्या माणसाचा राग धरायला मी सबंध वाटभर तयारी केली होती, ती तिथे उपयोगी पडली नाही, आणि हवालदार, एजंट, सुपुर्दनामा यांचा राग करून वसुली होत नाही.

परतताना गाडीत मी दिराच्या मोबाइलवर त्याच्या गाडीची पॉलिसी उघडायला लावली. अपघात कव्हरच्या ओळीत तसंच शून्य. २०१९ पासून ते स्वतंत्र काढता येतं, ते मी त्याला तिथेच एका कंपनीच्या साइटवर दाखवलं. तो म्हणाला, ‘बघतो.’ बाईंनी मागच्या सीटवरून त्याचा मोबाइल काढून घेतला आणि मला म्हणाल्या, ‘पैसे मी देते, तुम्ही भरा.’

साखर कारखान्याकडे ट्रॅक्टरमालकाच्या वाहतूक बिलातून काही येणं आहे का हे विचारून ती रक्कम अडवण्याचा अर्ज मी दिला आहे. उत्तर आलं की येणं काही नाही, उलट त्याच्याकडूनच उचल येणं आहे. ट्रॉलीचा लिलावही थांबला आहे. शेतीची अवजारं जप्त करता येत नाहीत, अशी हरकत त्याच्या वकिलांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली घेतली. मी म्हणणं दाखल केलं आहे की भाड्याने ऊस ओढणारी ट्रॉली म्हणजे नांगर नव्हे. त्यावर युक्तिवाद व्हायचा आहे.