नवीन गाडीचं पहिलं तेल: माझा अनुभव

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डच्या, म्हणजे केलेल्या कामांच्या यादीच्या, सातव्या ओळीत 'इंजिन ऑइल बदलले' आणि आठव्या ओळीत 'ऑइल फिल्टर बदलला' असं छापलंय. दोन्हींपुढे बरोबरची खूण आहे. हा कागद मी माझ्या मोटारसायकलच्या फाइलीत सगळ्यात वर ठेवलाय. कुणी नवीन गाडी घेतली आणि "इंजिन सेट करताना काय काळजी घ्यायची?" असं विचारलं, की आधी हा कागद दाखवतो आणि मग बाकीचं सांगतो.

गाडी घेतली दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. त्यासाठी थांबून राहिलेली सगळी मंडळी दसऱ्याच्या मुहूर्तावर एकदम शोरूममध्ये उतरली, त्यात मीही. लोन, विमा, नंबर सगळं सुरळीत झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. किल्ली देणाऱ्या पोराने हार घातला, फोटो काढला, "पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत साठच्या वर नेऊ नका" एवढं म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे पळाला. सव्वादोन लाखांच्या वस्तूबद्दल मिळालेली माहिती ती एवढीच.

खरी माहिती मामांकडून मिळाली. मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं होते. ऑइल इंजिन, ट्रॅक्टर, फटफटी, कशाचाही ब्लॉक येऊ दे, बोअर करायचा, म्हणजे सिलिंडर आतून कातायचा, आणि होनिंग मारून, म्हणजे आतून बारीक घासून, द्यायचा. गाडी दारात लावल्याबरोबर त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "साठच्या वर नको म्हणाला न्हवं? आणि चौथ्या गिअरला तीसनं चालवू नको, हे म्हणाला का?"

नव्हता म्हणाला.

"मग काय सांगितलं त्यानं! लेका, इंजिनाला साठचं काय कळतंय? त्याला लोड कळतोय."

मामांचं म्हणणं असं. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या बारीक तिरक्या रेघा असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या रेघांत तेल धरून राहतं. पिस्टनची रिंग पेट्रोल जळल्यावरच्या दाबाने बाहेर ढकलली जाते, भिंतीला घासते आणि रेघांची वरची टोकं झिजवून आपली जागा करून घेते. फार पिळली तर उष्णता वाढते आणि घासायच्या ऐवजी खरवडतं. फार लाडाने, एकाच संथ वेगात किंवा नुसती जागेवर चालू ठेवून वापरली, तर रिंगवर दाबच येत नाही. टोकं तशीच राहतात, भिंतीवर जळक्या तेलाचा काचेसारखा थर चढतो आणि मग ती गाडी जन्मभर तेल खाते. त्यामुळे पिळायची नाही आणि ओवाळायचीही नाही. वेग सारखा वरखाली होत राहिला पाहिजे, गिअर योग्य पाहिजे. वरच्या गिअरला कमी वेगात धडधडत ओढायला लावणं हे साठच्या वर जाण्याहून वाईट.

"जात्याला छिन्नीनं नवी टाकी लावली की पहिलं दळण कोन खातंय?" मामांनी विचारलं. "त्यात दगडाची कचकच येतीया. ते टाकायचं. तसंच पहिलं तेल. झिजलेलं सगळं त्यात उतरतंय."

तेलावर त्यांचा सगळा भर तेव्हापासूनच होता. मी मान हलवली आणि गाडी फिरवायला निघालो.

पहिले पाचशे किलोमीटर छान गेले, म्हणून थोडक्यात सांगतो. मी फुलेवाडीत राहतो आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. हायवेला लागायचं मी टाळायचो, कारण तिथे एका वेगात जाणं होतं, आणि सहापदरीकरणाच्या कामातल्या धुळीत नवीन गाडी घालायचा जीवही होत नव्हता. रविवारी गगनबावड्याचा रस्ता धरला. बालिंगे, कळे, मधली गावं, स्पीडब्रेकर, वळणं. वेग आपोआप वरखाली होतो, मुद्दाम काही करावं लागत नाही. कारखान्यांच्या उसाच्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर उतरल्या नव्हत्या, हे नशीब. पन्हाळ्याला दोनदा गेलो. चढाला खालचा गिअर टाकून मोकळेपणी ओढू द्यायची, उताराला थ्रॉटल सोडून इंजिनवर उतरवायची. थ्रॉटल सोडल्यावर सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि थोडं तेल वर ओढलं जातं, रिंगला ते चांगलं. वाघबीळच्या पुढे दर वेळी पंधरा मिनिटं थांबून गाडी थंड होऊ द्यायचो. चहाचं निमित्त होतंच. सकाळी चालू केल्यावर मिनिटभर थांबून हळू निघायचं. दहा-दहा मिनिटं उभी ठेवून गरम करत बसायचं नाही, आमच्या गल्लीत एकजण करतो तसं.

हो, टायर. नवीन टायर गुळगुळीत असतात, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी आडवी घालू नका. ब्रेकही सुरुवातीला बेताचेच लागतात.

आता मूळ दुखणं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटर किंवा ४५ दिवस, जे आधी होईल तेव्हा, असं आहे. १५ ऑक्टोबरला रीडिंग ४३० होतं, म्हणून शहाण्यासारखा आधीच सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "सर, ३ नोव्हेंबर."

मी म्हटलं, तोवर हजार होतील. तर म्हणे, "दिवाळी आहे सर, मुलं सुट्टीवर आहेत. पाडव्याच्या डिलिव्हरीच्या गाड्यापण तयार करायच्या आहेत."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्या मुहूर्तावर मी गाडी घेतली त्याच मुहूर्तावर अर्ध्या जिल्ह्याने घेतली होती. सगळ्यांचे पाचशे किलोमीटर एकाच पंधरवड्यात भरणार, सगळ्यांचे ४५ दिवस १६ नोव्हेंबरलाच संपणार. तेव्हा दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी घेणार असाल, तर किल्ली हातात घेतानाच पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख बुक करा. पेढे वाटायच्या आधी.

मित्र म्हणाले, "गंगावेशीतल्या गॅरेजात बदलून घे की तेल, अर्ध्या तासाचं काम." पण वॉरंटीसाठी पहिली सर्व्हिसिंग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांकडेच झाली पाहिजे, कूपनवर शिक्का पाहिजे, तोही मुदतीत. मुदत पाळायची तर ते तारीख देत नाहीत, आणि बाहेर करायचं तर वॉरंटी जाते. मग मी ५२० ला गाडी उभी केली. नवी कोरी गाडी दारात, आणि मी दिवाळीच्या तोंडावर केएमटीच्या बसमध्ये लोंबकळतोय. भाऊबीजेला ताईकडे गडहिंग्लजला एसटीने गेलो. आई रोज गाडीवरची धूळ पुसायची आणि म्हणायची, "पूजेला आणलीस व्हय रे ही?"

मामांनी सांगितलं की शंभर किलोमीटर वर गेल्याने इंजिनाला काही होत नाही, प्रश्न फक्त कागदाचा आहे. तेव्हा मी कंपनीला ईमेल केला: तुमच्याच केंद्राने ३ नोव्हेंबर दिलेली आहे, तोवर रीडिंग वाढलं तर वॉरंटीचं काय? उत्तर यायला २७ तारीख उजाडली, पण लेखी आलं. तारीख केंद्राने दिलेली असल्याने सर्व्हिसिंग मुदतीत धरू. हे काम पहिल्या दिवशीच केलं असतं तर बसचे हाल वाचले असते. फोनवर कुणी काहीही कबूल केलं तरी ते मोजू नका.

३ तारखेला सकाळी साडेनऊला रांगेत. पुढे-मागे सगळ्या गाड्यांच्या हँडलला दसऱ्याचा झेंडू वाळून कडक झालेला, काहींना लिंबू-मिरची. एका मांडवातली वऱ्हाडी मंडळी महिन्याने पुन्हा भेटावीत तसं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. गाडी आत गेली. "समोर उभा राहून बघू का?" म्हटलं, तर इन्शुरन्समुळे ग्राहकाला आत सोडत नाहीत. वेटिंग रूमला काच होती, पण नेमक्या त्या काचेवर एक्स्चेंज ऑफरचा पोस्टर चिकटवलेला. कडेच्या चार बोटं फटीतून मला माझ्या गाडीचं मागचं चाक दिसत होतं. ते दोन तास हललं नाही. नंतर ते धुण्याच्या रॅम्पवर दिसलं आणि साडेचारला बिल आलं. मजुरी फुकट, तेल-फिल्टरचे पैसे वेगळे. 'फ्री सर्व्हिस'मधलं फ्री एवढंच असतं, हेही लक्षात ठेवा. गाडी चकाचक होती. टायरलासुद्धा पॉलिश मारलं होतं, ज्याची अजिबात गरज नसते आणि ज्याने चाक घसरतं.

घरी मामा वाट बघत बसलेले. "मेन स्टँडवर लाव. पाच मिनिटं थांब." मग गुडघ्यावर बसून त्यांनी मोबाइलचा टॉर्च इंजिनच्या खालच्या गोल काचेवर मारला. नवीन तेल मधासारखं दिसतं. काचेत दिसत होतं ते कोऱ्या चहासारखं होतं, तेही उकळून उकळून काळ्या पडलेल्या.

मामा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "फोटो काढ म्हनलो होतो, काढलास का?"

काढला होता. आदल्या रात्री त्यांनीच सांगितलेलं. फिल्टरच्या झाकणाला तीन बोल्ट असतात, आणि माझ्या गाडीत प्रत्येक बोल्टावर कारखान्यात मारलेला पिवळ्या रंगाचा ठिपका होता, अर्धा बोल्टावर, अर्धा झाकणावर. बोल्ट फिरवला की ठिपका तुटतो, आणि परत आवळला तरी दोन अर्धुकं तंतोतंत जुळत नाहीत. माझे तिन्ही ठिपके जसेच्या तसे होते. फोटोशी ताडून बघितले. धुळीचा एक डागसुद्धा त्याच जागी.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि मामांना मागे बसवून गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, नवीन इंजिनात तेल लगेच काळं पडतं. हे अगदीच खोटं नाही. थोडं जुनं तेल आत राहतंच, त्याने नव्याचा रंग जरा गडद होतो. पण ते दहा किलोमीटरमध्ये कोळसा होत नाही. मी आवाज चढवला. मामांनी माझा दंड धरून मला मागे घेतलं आणि मॅनेजरला शांतपणे विचारलं, "साहेब, ठिपका न तोडता फिल्टर कसा काढत्यात? आमाला शिकवा. तीस वर्षं आमी तोडूनच काढलं."

मॅनेजर बाहेर येऊन वाकून बघून गेला. मग "मुलगा नवीन आहे", "लोड फार होता", असं सुरू झालं. मला वाटतं सकाळीच सगळ्या कार्डांवर सगळ्या खुणा मारून ठेवत असावेत आणि गाड्या नुसत्या धुऊन पुढे ढकलत असावेत. विसरला की वाचवलं, ते त्यालाच ठाऊक. पण त्या दिवशी इन्शुरन्सचा प्रश्न कुठे गेला कुणास ठाऊक, आम्हाला दोघांना थेट आत नेलं.

तेल गरम असतानाच खालचा ड्रेन बोल्ट, म्हणजे तेल सोडायचा बोल्ट, काढला. बोल्टाच्या टोकाच्या लोहचुंबकावर करड्या लगद्याची मिशी उगवली होती. ट्रेमधलं तेल उन्हात धरलं तर आत चंदेरी चमक फिरत होती, लेडीज बांगड्यांवर असते तशी. माझ्या पोटात गोळा आला. मामांनी दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली आणि हसले. "कचकच न्हाई. चांगली बसालीया रिंग." चमक चालते, ती नव्या इंजिनात येणारच. बोटाला टोचणारा कण किंवा कपची निघाली तर मात्र तिथेच थांबायचं. ही सगळी चमक मी आणखी हजारो किलोमीटर आत घेऊन फिरलो असतो, कार्डावर बरोबरची खूण घेऊन.

नवा फिल्टर, झाकणाची नवी रबरी ओ-रिंग, ड्रेन बोल्टाचा नवा वॉशर. वॉशर मेकॅनिक जुनाच लावत होता, मामांनी हात धरला. डबा फोडायच्या आधी त्यावरचं वाचून घ्या: पुस्तिकेतली ग्रेड आणि जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या तेलाचं जपानी मानक) हे शब्द. आपल्या मोटारसायकलींचा क्लच तेलातच बुडालेला असतो, त्यामुळे कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. भरल्यावर इंजिन दोन मिनिटं चालवून, बंद करून, काचेत पुन्हा बघितलं. मध.

शिक्का नव्या तारखेचा मारून घेतला, रीडिंगसकट. जुनं जॉब कार्ड ते परत मागत होते. दिलं नाही.

आता १,९०० झालेत. दोन हजारांपर्यंत पुस्तिकेने पाऊण थ्रॉटलची मर्यादा घातलीय, ती पाळतोय. पण गाडी मोकळी झाल्याचं हाताला कळतं, गिअर आता लोण्यासारखे पडतात आणि मामांना मागे बसवून पन्हाळा चढताना तिला दम लागत नाही.

चेनचं सांगायचं राहिलं. पहिल्या पाचशेत नवीन चेन ढिली पडते. मधोमध बोटाने वरखाली करून पट्टीने मोजा, माझ्या गाडीला २५ ते ३० मिलिमीटर हालचाल सांगितलीय. चेन मात्र सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पहिल्या दिवशीच खरोखर ताणली होती. इतकी, की मामांनी घरी पान्हा घेऊन ती परत ढिली केली.