लालबागच्या गॅरेजात मेलबर्नच्या दोन गाड्या

सुट्टीत लालबागला आईकडे आलोय, पण फोन अजून मेलबर्नच्या वेळेवर वाजतो. जानेवारीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिकडची माणसं सकाळचा चहा घेऊन मेसेज करायला बसतात तेव्हा इथे दूधवालाही आलेला नसतो. हे मेसेज दोन विक्रेत्यांचे आहेत. दोघांकडे एकेक जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक (कच्च्या वाटेवर चालवायची गाडी) आहे आणि मला त्यातली एक घ्यायची आहे.

पहिली २०१५ची यामाहा वायझेड२५०, मागणी ५,५०० डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या वर. दुसरी २०१४ची केटीएम ३०० ईएक्ससी, तिचे ६,८०० मागतायत. आईने आकडा ऐकला आणि म्हणाली, "एवढ्यात इथे नवीकोरी बुलेट येईल, वर पैसे उरतील." तिचा हिशोब बरोबर आहे, फक्त बुलेट घेऊन मेलबर्नजवळच्या बनिप किंवा वॉम्बॅटच्या जंगलात ओल्या मुळांवरून चढ चढायचा नसतो.

इकडे केटीएम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चाकणची ड्यूक येते. ही ती नव्हे. ईएक्ससी ही एन्ड्युरोची, म्हणजे जंगलवाटांवरच्या लांब शर्यतींची गाडी: २९३ सीसी, सहा गिअर, बटण स्टार्ट, हायड्रॉलिक क्लच, पुढे-मागे दिवे. वायझेड शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनलेली: २४९ सीसी, पाच गिअर, फक्त किक, दिवा औषधालाही नाही. वजनाला दोन्ही शंभर किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या यामाहा आरएक्स१०० एवढ्याच. आरएक्स ११ हॉर्सपॉवरची होती, या साधारण चौपट ताकदीच्या आहेत.

टू-स्ट्रोकच का, तर तिकडे मेकॅनिकचा तास शंभर डॉलरच्या पुढे जातो. फोर-स्ट्रोकचं, म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या इंजिनाचं, हेड उघडायची वेळ आली की माझा पगार वाकतो. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट. पिस्टन-रिंग बदलायचं काम थोडा अभ्यास असेल तर घरच्या शेडमध्ये होतं.

आता हा अभ्यास ज्यांच्याकडे आहे ते मेस्त्री आमच्या मागच्याच गल्लीत बसतात. आरएक्स१०० भारतात १९८५ ते १९९६ बनत होती, आणि त्यातल्या अर्ध्या यांच्याच हाताखालून गेल्या असाव्यात असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. अजून लोक कुर्ल्याहून सुटे भाग गोळा करून त्यांच्याकडे जुन्या यामाहा आणतात. मी फोटो आणि व्हिडिओ त्यांच्यापुढे ठेवले. यामाहा बघून चेहरा खुलला. केटीएमकडे बघून म्हणाले, "ही काय नारिंगी भानगड?"

त्यांचा पहिला प्रश्न, "किती किलोमीटर चाललीय?" सांगितलं की या गाड्यांचं वय तासांत मोजतात. केटीएमच्या मीटरवर तास दिसतात. वायझेडला कंपनीचा मीटरच नसतो, तिच्यावर कुणीतरी चिकटवलेला आहे.

"मग तो मीटर कधी चिकटवला?"

हे मी विक्रेत्याला विचारलं नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं ते गोल होतं.

दुसरा प्रश्न, "बोर कितवा?" आरएक्सच्या सिलिंडरमध्ये बिडाचा स्लीव्ह, म्हणजे आतली नळी. घासला की बोर मारायचा, म्हणजे आतून जरा मोठा करायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, परत घासला की पुन्हा. या दोन्ही गाड्यांच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कडक मुलामा असतो, त्याला बोर मारत नाहीत. मुलामा गेला तर सिलिंडर पाठवून तो पुन्हा चढवून घ्यायचा, नाहीतर नवा सिलिंडर. मेस्त्री जरा नाराज झाले. "मग वरचं सोड. खालचं बघ."

त्यांचा सगळा जोर या खालच्यावर होता. पिस्टन-रिंग ही टू-स्ट्रोकमध्ये बदलायचीच वस्तू. 'नुकतंच टॉप एंड केलंय' (म्हणजे वरचं पिस्टन-रिंगचं काम) या जाहिरातीच्या वाक्याने हुरळून जायचं नाही. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो खालचा दांडा, आणि त्याची दोन ऑइल सील खर्चात पाडतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे सील गेलं की सगळं गणित बिघडतं. क्लच साइडचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि धूर थांबत नाही. मॅग्नेट साइडचं (वीज बनते त्या बाजूचं) गेलं तर बाहेरची हवा आत येते, पेट्रोल कमी पडतं, त्यात मिसळलेलं तेलही कमी पडतं, आणि एके दिवशी पिस्टन अडकून गाडी भर वेगात सीझ होते.

मग त्यांनी वायझेडचा व्हिडिओ कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकला. विक्रेता एका किकमध्ये गाडी चालू करतो, रेस देतो, सोडतो. "बघ, रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही. वरच लोंबकळतो. हवा खेचतेय. सील असेल, नाहीतर कार्ब्युरेटरचं रबर फाटलं असेल." शिवाय एका किकमध्ये चालू झाली म्हणजे आधीच गरम करून ठेवली होती, हा संशय. थंड इंजिनचा व्हिडिओ मागितला, विक्रेता म्हणाला प्रत्यक्ष येऊनच बघ. प्लास्टिक आणि स्टिकर नवेकोरे, मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या चाकाचे) दात मात्र झिजून हुकासारखे वाकलेले. यामाहाचा भक्त माणूस, पण त्यांनी फोन बाजूला ठेवला.

केटीएमवाल्याने सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनचा फोटो पाठवला: सरळ रेघा, कुठे चिकटल्याची खूण नाही. थंड इंजिनचा व्हिडिओ दिला, त्यात बटण दाबून दाबून बॅटरी दमली आणि शेवटी किकनेच चालू झाली. धूर आला आणि थोड्या वेळात निवळला. कोणत्या तासाला काय बदललं त्याची वही आहे. एक गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली: गिअरबॉक्सचं ऑइल किंचित दुधाळ दिसतंय. मेस्त्री म्हणाले, "वॉटर पंपाचं सील. स्वस्तातलं काम आहे, पण आधी करायचं, मग चालवायची. त्याच्या नावाने पैसे कमी कर."

एक गोष्ट मेस्त्रींच्या कक्षेबाहेरची होती. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, सरकारी जंगलातल्या कच्च्या वाटेवरही गाडीला नोंदणी आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागतं. आपल्याकडे माळावर कुणी विचारत नाही, तिकडे रेंजर थांबवतो. वायझेडवर दिवा, हॉर्न, आरसा बसवून मर्यादित नोंदणी करून घेणारे आहेत, पण तिच्या मॅग्नेटोला दिवा पेटवण्याइतकी वीज निघत नाही, तेव्हा तीही खटपट आली. मला बंद ट्रॅकवर गोल गोल फिरायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. सस्पेन्शनच्या बाबतीत वायझेडचं नाव उगाच घेत नाहीत.

केटीएम ६,५०० ला ठरली. तिकडे नोंदणीची गाडी विकताना रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) लागतं, ते विक्रेता काढून देणार. मेलबर्नमधल्या मित्राला आगाऊ रक्कम द्यायला पाठवण्याआधी चासी नंबर टाकून सरकारी नोंदवहीत शोध घेतला: गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, विम्यात मोडीत काढली होती का. फी २ डॉलर, उत्तर लगेच. अशी सगळी उत्तरं मुंबईत सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांना एकाच जागी मिळाली तर निम्मी भांडणं मिटतील.

वायझेडवाल्यालाही नको म्हणून कळवलं आणि सीलचं काय वाटतंय तेही लिहिलं. त्याने अंगठा पाठवला. काल जाहिरात पाहिली तर किंमत ५,२०० झालीय, 'नुकतंच टॉप एंड केलंय' मात्र तसंच आहे.