निळ्या दिव्यावरची टिकली

जळगाव, १७ मे, रात्री साडेअकरा

दिवसभर पारा ४४ अंशांवर होता आणि या वेळीही भिंतीला हात लावला की चटका बसतो, म्हणून दर उन्हाळ्याप्रमाणे घरातील सर्वांची अंथरुणे कूलर असलेल्या बैठकीच्या खोलीत पडली आहेत. पूर्वी वैशाखात आम्ही गच्चीवर झोपत असू. आता आईला जिना चढवत नाही. बैठकीत झोपायचे म्हणजे टीव्ही, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर आणि राउटर यांच्या सोबतीने झोपायचे, हे मात्र परवापरवा आईने विचारेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. ‘हाऊ निया दिवा रातभर कसाले जयस रे? डोयामां खुपस.’ राउटरचा निळा दिवा रात्रभर कशाला जळतो, डोळ्यांत खुपतो, असे तिचे अहिराणीतले म्हणणे.

मला तो खुपत नव्हता, त्यामुळे पहिल्या रात्री मी तिला पाठ फिरवून झोपायला सांगितले. माझी चूक नंतर कळली. दिवाळीनंतर आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. वयानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश बराचसा अडवते. ते काढून पारदर्शक कृत्रिम भिंग बसवले की तोच प्रकाश पुन्हा आत येऊ लागतो. पिवळसर छटेची भिंगेही मिळतात, पण आईचे पारदर्शक आहे. पट्टी सुटल्यावर, इतकी वर्षे राखाडी समजून नेसलेले लुगडे निळे असल्याचे पाहून ती किती वेळ पदर हातात धरून बसली होती, हे मला तेव्हा आठवायला हवे होते.

याच खोलीत वर्षानुवर्षे झिरोचा बल्ब जळत असे. नाव झिरोचे असले तरी तो १२-१५ वॅट खाई, आणि त्याच्या उजेडात आई निवांत झोपे. राउटरचा दिवा त्याच्या शंभराव्या भागाइतकीही वीज घेत नसेल. पण तो टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून थेट डोळ्यावर येतो, शिवाय लुकलुकतो. अंधारात आपण ज्या दंडपेशींनी पाहतो त्या सुमारे ५०० नॅनोमीटरच्या, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात आणि गडद लाल रंगाला जवळजवळ देतच नाहीत. म्हणूनच टीव्हीचा लाल ठिपका रात्री विझल्यासारखा वाटतो आणि निळा दिवसापेक्षा भडक दिसतो. एवढ्याशा दिव्याने शरीराचे घड्याळ बिघडते असे मी म्हणणार नाही. आईची तक्रारही तशी नव्हती.

दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनवला. लख्ख निळ्यासाठी मात्र १९९० च्या दशकापर्यंत थांबावे लागले. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले आणि ते योग्यच होते, कारण मी आत्ता ज्या पांढऱ्या दिव्याखाली लिहितो आहे त्याच्याही पोटात निळाच एलईडी आहे. पण नवा आणि महाग असताना जो रंग आधुनिकतेची खूण म्हणून वस्तूंवर आला, तो स्वस्त झाल्यावरही तिथेच राहिला. आजचे एलईडी इतके कार्यक्षम आहेत की खुणेपुरता उजेड एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाहात मिळतो; त्यासाठी प्रवाह अडवणारा काही पैशांचा एक रेझिस्टर मोठ्या रोधाचा टाकावा लागतो, बस. ज्याने हा राउटर तयार केला त्याने तो भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, टेबलावर ठेवून तपासला असावा. दिवे गेलेल्या खोलीत इन्व्हर्टरवर चाललेला राउटर रात्री दोन वाजता कसा दिसतो, हे पाहायला तो आमच्याकडे येणार नव्हता.

दुसऱ्या रात्री मी सगळ्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली आणि सकाळी पस्तावलो. इंटरनेट बंद होते. तासभरात तीनदा राउटर बंद-चालू केला, केबलवाल्याशी फोनवर आवाज चढवला आणि शेवटी पट्टी सोलून पाहिली तेव्हा इंटरनेटच्या काचेच्या (फायबर) तारेतून प्रकाश येत नसल्याचे सांगणारा लाल दिवा बिचारा कधीपासून लुकलुकत होता. कोपऱ्यावर रस्ता खोदताना तार तुटली होती. सहा दिव्यांपैकी कामाचा तेवढा तोच. उरलेले पाच रात्रभर ‘सारे ठीक आहे, सारे ठीक आहे’ असे ओरडत असतात, आणि ते कोणी विचारलेले नसते.

शेवटी उपाय बायकोच्या टिकल्यांच्या पाकिटात सापडला. तिची मखमली मरून टिकली राउटरच्या दिव्यावर नेमकी बसते. लाल दिवा मोकळा ठेवला आणि बाकीच्या पाचांवर टिकल्या लावल्या. निळ्यावरच्या टिकलीला सुईने भोक पाडले, म्हणजे जवळ जाऊन पाहिले तर दिवा चालू असल्याचे कळते. आई काल पहाटेपर्यंत झोपली.

अडचण एवढीच की राउटर तापतो आणि टिकलीचा डिंक सुटतो. आत्ताच वर पाहिले, तर भोकाची टिकली एका कडेने उचलली आहे आणि निळी रेघ कूलरच्या जाळीवर पडली आहे. आईने कूस बदलून तोंड भिंतीकडे केले आहे. पाकिटात अजून सात टिकल्या आहेत.